आफ्रिकेतली दोन ग्रॅमची बहीण आणि आपली चिचुंद्री



झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो ए-फोर कागद घ्या. त्याच्या पाकिटावर ८० जीएसएम असे छापलेले असते. म्हणजे तो कागद एक चौरस मीटर घेतला तर ८० ग्रॅम भरेल. ए-फोरचे सोळा कागद शेजारी शेजारी लावले की एक चौरस मीटर होतो. तेव्हा एका कागदाचे वजन ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅम. आता त्या कागदाचे सारखे तीन तुकडे करा, एक तुकडा चुरगाळून त्याची गोळी करा आणि तळहातावर ठेवा. डोळे मिटले तर हातावर काही आहे की नाही हेही नीट कळणार नाही.

एवढ्याच वजनाचा एक अख्खा प्राणी जगात आहे. त्याला हाडे आहेत, दात आहेत, अंगभर केस आहेत आणि त्याची मादी पिल्लांना दूध पाजते. इंग्रजीत त्याला इट्रस्कन श्रू म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सन्कस इट्रस्कस. इटलीतले प्राणिशास्त्रज्ञ पाओलो सावी यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. इट्रुरिया हे इटलीच्या त्या भागाचे जुने नाव, त्यावरून हे नाव पडले. परंतु प्राणी इटलीपुरता मुळीच नाही. दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका आणि पूर्वेकडे भारतावरून पार मलेशियापर्यंत त्याच्या नोंदी आहेत. शेपटी सोडून लांबी साडेतीन ते पाच सेंटीमीटर. वजन १.२ ते २.७ ग्रॅम, सरासरी १.८ ग्रॅम.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी हे वजन सोनाराच्या जुन्या मापात सांगून पाहावे. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. तोळ्याचे मासे बारा आणि माशाच्या गुंजा आठ. या हिशेबाने १.८ ग्रॅम म्हणजे पंधरा गुंजा, पुरते दोन मासेही नाहीत. आजीच्या बोटातली हलकीशी अंगठीसुद्धा या प्राण्यापेक्षा जड असते.

आफ्रिकेत याच्या आणखी काही बहिणी आहेत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडमंड हेलर यांनी १९१२ साली पूर्व आफ्रिकेतल्या, आजच्या केनियातल्या, एका श्रूला 'इन्फिनिटेसिमस' असे नाव दिले. गणितात इन्फिनिटेसिमल म्हणजे शून्याच्या अगदी जवळची राशी. प्राणी पाहून त्यांना काय वाटले असेल ते या नावातच आले. मध्य आफ्रिकेच्या गॅबॉन देशातल्या जंगलातून १९६५ साली अशाच एका इवल्या जातीचे वर्णन झाले, तिचे नाव सन्कस रेमी. या साऱ्या जाती दोन-तीन ग्रॅमच्या आसपासच्या. त्याच आफ्रिकेत ५० क्विंटलचा हत्ती राहतो. ५० क्विंटल म्हणजे ५० लाख ग्रॅम. एका हत्तीच्या पारड्याला बरोबरी करायची तर दुसऱ्या पारड्यात दोन ग्रॅमचे २५ लाख श्रू घालावे लागतील.

विद्यार्थ्यांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'जगातील सर्वांत लहान सस्तन प्राणी कोणता' असा प्रश्न असतो. कुठे उत्तर श्रू असे दिलेले असते, तर कुठे वटवाघूळ. पुस्तक चुकले असे समजून गोंधळून जाऊ नका. थायलंडमध्ये एक वटवाघूळ आहे, १९७४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याची लांबी तीन सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे श्रूपेक्षा कमी. वजन मात्र सुमारे दोन ग्रॅम, श्रूच्या सरासरीहून किंचित जास्त. लांबी मोजली तर वटवाघूळ लहान, वजन केले तर श्रू लहान. 'लहान' हा शब्द एकट्याने काही सांगत नाही, कोणत्या मापाने लहान ते सांगावे लागते. परीक्षेत आमच्या मते या उत्तरात 'वजनाने' हा शब्द लिहिणाऱ्यालाच पूर्ण गुण मिळावेत.

मोजण्याचीही एक शिस्त आहे. श्रूसारख्या प्राण्याची लांबी सांगताना डोके व धड एकत्र मोजतात, शेपटी वेगळी, मागचे पाऊल वेगळे आणि कान वेगळा. वजन करताना प्राणी कापडी पिशवीत घालून तोलतात आणि नंतर पिशवीचे वजन वजा करतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९११ साली देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिची सुरुवात झाली आपल्या मराठी मुलखातल्या खानदेशातून. त्या काळी गोळा झालेल्या प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधून तिच्यावर अशी मापे लिहीत.

आता एक हिशेब. किराणा दुकानातल्या किंवा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कमीत कमी एक ग्रॅम दिसतो. साठ ग्रॅमच्या वस्तूत एक ग्रॅमची चूक झाली तर ती शेकडा दोनही नाही, ती खपून जाते. पण दोन ग्रॅमच्या प्राण्यात एक ग्रॅमची चूक म्हणजे निम्मी चूक. म्हणून असे प्राणी तोलायला सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा लागतो. त्यातही हा प्राणी दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट खातो. जेवणाआधीचे वजन आणि जेवणानंतरचे वजन यातच केवढा फरक! शिवाय ऋतूचा फरक असतो. पोलंडचे शास्त्रज्ञ ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ साली दाखवून दिले की युरोपातल्या एका श्रूची कवटीसुद्धा हिवाळ्यात आकसते आणि वसंतात पुन्हा वाढते. तेव्हा पुस्तकात १.२ ते २.७ असा आकडा दिसला तर लेखकाला नक्की माहीत नव्हते असे मानू नका. एकच आकडा छातीठोकपणे देणाऱ्या पुस्तकाबद्दल मात्र जरा शंका घ्या.

इतके खायचे कशासाठी? याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. मोठ्या पातेल्यातले वरण बराच वेळ गरम राहते, तेच वाटीत वाढले की लगेच निवते. वरण तेच, मग असे का? एक सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६, घनफळ १. दोन सेंटीमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ २४, घनफळ ८. चार सेंटीमीटरचा घेतला तर पृष्ठफळ ९६ आणि घनफळ ६४. म्हणजे दर एक घनामागे पृष्ठफळ आधी सहा, मग तीन आणि मग दीड. वस्तू जितकी लहान, तितकी तिच्या आतल्या मालाच्या मानाने कातडी जास्त. आणि उष्णता बाहेर जाते ती कातडीतूनच. दोन ग्रॅमचा श्रू म्हणजे न झाकलेली वरणाची वाटी. ती गरम ठेवायची तर चूल सारखी पेटती ठेवावी लागते, आणि चुलीला सारखे जळण लागते. त्याचे हृदय मिनिटाला १५०० पर्यंत ठोके देते, म्हणजे सेकंदाला पंचवीस. तुमचे-आमचे बसल्या जागी मिनिटाला सत्तर-बहात्तर. काही तास खायला मिळाले नाही तर तो मरू शकतो. थंडी आणि उपासमार एकदम आली तर शरीराचे तापमान खाली आणून तो सुस्त पडून राहतो, तेवढीच बचत. तीस किलोच्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रमाणात जेवायचे झाले तर दिवसाला पंचेचाळीस ते साठ किलो अन्न लागेल. डबा कोण देणार?

यावरून सर्वांत लहान सस्तन प्राणी दोन ग्रॅमच्या आसपासच का थांबले हे समजते. त्याहून लहान शरीर गरम ठेवायला लागणारे अन्न गोळा करणे आणि तेवढे रक्त फिरवणे जमत नाही. क्यूबा बेटावरचा सर्वांत लहान पक्षी, मधमाशीएवढा म्हणून ओळखला जाणारा हमिंगबर्ड, तोही जवळपास दोन ग्रॅमवरच थांबला आहे. मुंगीला ही अडचण नाही, कारण तिला अंग गरम ठेवायचेच नसते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की इटली आणि आफ्रिकेच्या गोष्टी पांढुर्ण्याला कशाला. तर ज्या प्रजातीत हे प्राणी आहेत त्या सन्कस प्रजातीचा एक सदस्य तुमच्या न्हाणीघराच्या मोरीतून रोज रात्री येजा करतो. आपली चिचुंद्री. शास्त्रीय नाव सन्कस म्युरिनस. आडनाव तेच. आपल्याकडे घरात आपण चिचुंद्री म्हणतो, बाजारात आणि हिंदीच्या पुस्तकात ती छछूंदर होते, संस्कृतात तिला गंधमूषिका म्हटले आहे. तिची लांबी शेपटी सोडून दहा ते पंधरा सेंटीमीटर आणि वजन बहुधा ४० ते १०० ग्रॅमच्या आत, नर मादीपेक्षा मोठा. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास भरते. अशी आठ नाणी रुमालात बांधली की साठ-बासष्ट ग्रॅमची मध्यम चिचुंद्री हातात आली असे समजा. आपल्या बागेतले मध्यम संत्रे याच्या दुप्पट भरेल. म्हणजे एकाच आडनावाच्या दोघी, पण एक दुसरीच्या तीस पट. घरची मांजर आणि वाघ यांच्यात जेवढे अंतर असते, जवळजवळ त्या जातीचे.

आणि आता मुख्य गोष्ट. चिचुंद्री हा उंदीर नाही. उंदीर, घूस आणि खार हे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना पोती, दोर, लाकूड काहीतरी कुरतडावेच लागते. चिचुंद्रीचे दात बारीक, टोकदार, किड्यांचे कवच फोडायला केलेले, आणि ते झिजले की पुन्हा वाढत नाहीत. नात्याने ती अंगाचा काटेरी गोळा करणाऱ्या हेजहॉगला जवळची, उंदराला नाही. तिचे मुख्य खाणे म्हणजे झुरळे, रातकिडे, अळ्या आणि गांडुळे. कधी उंदराची पिल्लेही. शिळ्या भाकरीचा तुकडा ती सोडते असे नाही, पण धान्याचे पोते फोडून आत शिरणे हे तिचे काम नव्हे.

ओळखायची कशी? नाक पाहावे. लांब, पुढे निमुळते, सारखे हलणारे. डोळे मोहरीसारखे, असून नसल्यासारखे, तिला दिसते फार थोडे. शेपटी बुडाशी जाड आणि तिच्यावर तुरळक लांब केस. चाल भिंतीच्या कडेकडेने, खोलीच्या मधून ती सहसा जात नाही. रड्यर्ड किप्लिंग यांच्या १८९४ च्या 'द जंगल बुक'मध्ये चुचुंद्रा नावाचे पात्र आहे, तेही असेच भिंत धरून चालणारे. त्या पुस्तकातल्या मोगलीचा शिवनीचा डोंगराळ मुलूख आपल्या शेजारचाच. शिवनीवर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८४ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात चिचुंद्रीचीही दखल आहे. आवाज म्हणाल तर तीक्ष्ण चिवचिवाट. चीनमध्ये तो नाणी खुळखुळल्यासारखा वाटतो म्हणून तिला पैशाची चिचुंद्री म्हणतात.

आणि वास! तिच्या दोन्ही कुशींना कस्तुरीसारख्या उग्र वासाच्या ग्रंथी असतात. हिंदीतली चमेलीच्या तेलाची म्हण सर्वांना ठाऊक आहेच. साहेबाच्या काळी असा समज होता की ती बंद बाटलीवरून गेली तरी आतल्या दारूला वास लागतो. काचेतून वास जात नाही, हे सातवीच्या मुलालाही सांगता येईल. बूच किंवा रिकामी बाटली आधीच वासाने भरली असेल तर गोष्ट वेगळी. या वासामुळेच मांजर तिला मारते पण बहुधा खात नाही. गव्हाणी घुबडाला मात्र त्याचे काही वाटत नाही. त्याने ओकून टाकलेल्या गोळ्यांमध्ये चिचुंद्रीच्या कवट्या हमखास सापडतात. दोन ग्रॅमच्या जातीसुद्धा अनेकदा अशाच गोळ्यांमधून शास्त्रज्ञांना कळतात, कारण साधा पिंजरा पाडायला त्यांचे वजनच पुरत नाही.

हे सारे आत्ता लिहिण्याचे कारण असे की गेल्या पावसाळ्यात आमच्याच काही मुलांनी नाल्याकाठी दगडांनी एक चिचुंद्री मारली. नंतर पाहिले तर मागे पिल्ले होती. चिचुंद्रीची पिल्ले जागा बदलताना एकामागे एक लागतात. पहिले पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला, तिसरे दुसऱ्याला, आणि अशी ही गाडी चालू लागते. नागपूर-इटारसी मार्गावरच्या गाड्या रोज पाहणाऱ्या मुलांना हे दृश्य पाहायला मिळाले असते तर किती आवडले असते. ती मुले वाईट नाहीत. त्यांनी उंदीर मारला असे त्यांना वाटले, आणि उंदीर मारणे हे घरोघरी चांगलेच काम समजले जाते.

दुसरे कारण शाळेच्या धान्याच्या खोलीचे. तिथे चिचुंद्री दिसल्यावर विषाच्या गोळ्या टाकाव्यात अशी सूचना काही पालकांकडून आली आहे आणि विश्वस्त मंडळाला त्यावर ठरवायचे आहे. आमचे मत स्पष्ट आहे. मुलांच्या जेवणाचे धान्य असते तिथे विष नको, मग प्राणी कोणताही असो. उंदीर असतील तर जाळीचा पिंजरा लावावा. सकाळी त्यात लांब नाकाची निघाली तर जाड कापड टाकून पिंजरा बाहेर न्यावा आणि कुंपणाजवळ उघडावा. चिकट पुठ्ठे लावू नयेत. त्यांना नाकाचा आकार समजत नाही आणि अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो. खोलीत चिचुंद्री वारंवार येत असेल तर तिथे झुरळे आहेत असा त्याचा सरळ अर्थ. मोरीला जाळी, दाराखाली पट्टी, पोत्यांखाली लाकडी फळ्या आणि सांडलेले दाणे रोज झाडणे, याला विषापेक्षा जास्त खर्च येणार नाही.

तिला देव्हाऱ्यात बसवा असे आम्ही म्हणत नाही. तिच्या अंगावर पिसवा असतात आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे जंतूही ती बाळगू शकते. म्हणून हाताने धरू नये, मेलेली असली तरी नाही. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. उघडे अन्न रात्री झाकूनच ठेवावे.

शिवाय ती सगळीकडेच उपकारी ठरली असेही नाही. माणसाच्या जहाजांतून लपून ही आपली चिचुंद्री अरबस्तान, पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि मॉरिशसपर्यंत पोहोचली. एकोणिसाव्या शतकात ज्या मॉरिशसला मराठी मजूर कुटुंबे गेली आणि आजही मराठी टिकवून आहेत, तेच हे बेट. १९५३ साली ती प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर उतरली. अशा बेटांवरच्या पाली, सरडे आणि किड्यांना चिचुंद्री ठाऊक नव्हती, त्यामुळे तिने त्यांचे बरेच नुकसान केले. मॉरिशसजवळच्या लहान बेटांवरून तिला काढून टाकण्याचे प्रयत्न करावे लागले. काही ठिकाणी ते साधले, काही ठिकाणी नाही. आपल्या मुलखात मात्र तिला खाणारे घुबड आहे, तिच्यापासून पळायला शिकलेले झुरळ आहे, हिशेब जुळलेला आहे. तीच साठ ग्रॅमची चिचुंद्री एका ठिकाणी घराची राखण करते आणि दुसऱ्या ठिकाणी घर उजाड करते.

सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी काम असे. घरी किंवा गोठ्यात चिचुंद्री दिसली तर वही घ्या. तारीख, वेळ, जागा, पाऊस होता की नाही, ती भिंतीच्या कोणत्या बाजूने गेली आणि आवाज केला का, एवढे लिहा. मागे पिल्ले होती तर किती, ते मोजा. लांबी अंदाजानेच घ्यायची. ती ज्या फरशीवरून गेली ती फरशी ती गेल्यावर पट्टीने मोजा आणि फरशीच्या मानाने चिचुंद्री केवढी होती ते सांगा. वजन कोणीही करायचे नाही. पाचवीच्या विद्यार्थ्यांनी ए-फोर कागदाचा एक तृतीयांश तुकडा आणि दहाची आठ नाणी वर्गात आणावीत. प्रयोगशाळेतल्या काट्यावर दोन्ही तोलून पाहू, आणि आपला काटा कागदाचा तुकडा मुळात दाखवतो का तेही पाहू. नोंदवह्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी विज्ञानाच्या खोलीत द्याव्यात.